चाळीसपैकी सात

६ ऑगस्ट

बारके,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले, उत्तर आज देते आहे, कारण माझं डोकं ठिकाणावर नाही. फोन का नाही केलास असं विचारू नकोस. फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस.

आमच्या कॉलेजात नवीन टूम निघाली आहे. प्रत्येक सत्रात दोनदा मुलांनी शिक्षकांबद्दल अभिप्रायाचा फॉर्म भरायचा. विषय कसा वाटला, बाई कशा शिकवतात, काय बदलावं, सगळं. नाव लिहायचं नाही. फॉर्म भरायची सक्ती नाही, पण प्राचार्यांनी नोटीस लावली आहे की सत्र संपताना ज्या ऐच्छिक विषयाचे चाळीसपैकी तीस फॉर्म येणार नाहीत, तो विषय पुढच्या वर्षापासून बंद. आता कॉलेजात ऐच्छिक विषय दोनच. एक माझा, हाताने ड्रॉइंग. दुसरा कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, तो दोन वर्षांपूर्वी आलेली एक बाई शिकवते. माझा बंद झाला तर ड्रॉइंग हॉल तिला, आणि मला स्टोअररूममध्ये बसून मुलांना टी-स्क्वेअरच्या पट्ट्या वाटायचं काम. बावीस वर्षं शिकवल्यावर.

पहिली फेरी परवा झाली. माझे आले सात. चाळीसपैकी सात! तिचे एकोणचाळीस. जो एक राहिला तो अपेंडिक्सच्या ऑपरेशनला गेला होता, आणि तोसुद्धा म्हणे दवाखान्यातून फॉर्म मागवत होता.

मुलांनी तिचं नाव झुळूक ठेवलंय. मला काय म्हणतात ते तुला माहीत आहेच, काटकोनबाई. झुळूक वर्गात येते ती ओढणी सावरत, पाच मिनिटं उशिरा. तिला मुलांची नावं येत नाहीत. सगळ्यांना "अरे तू, निळा शर्ट" असं म्हणते. फळ्यावर लिहिते ते अक्षर बघून माझ्या अंगावर काटा येतो. आणि मी? मला चाळीसच्या चाळीस मुलं नावानिशी ठाऊक. नावं सोड, मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगते की माझ्यासमोर नाव नसलेली शीट टाका, नुसती एक रेघ टाका, कुणाच्या हातची ते मी सांगेन. आणि सांगते. आजवर एकदाही चुकले नाही. इतकं कोण बघतं ग मुलांकडे?

तरी फॉर्म तिला. खरं सांगते, पोटात दुखतं माझ्या. कॅन्टीनमध्ये ती समोर बसली की मी अर्धा चहा टाकून उठते. 

तू शिवणाच्या दुकानात दिवसभर माणसं हाताळतेस. काय करू ते सांग.

धुसफुसणारी,
ताई


१४ ऑगस्ट

ताई,

फोनवर मध्येमध्ये कोण बोलतं ते जाऊ दे. मी फक्त हं हं करते.

पत्र दुकानात वाचलं. कापणीच्या टेबलावर ठेवून, कात्री बाजूला सारून. वाचताना हसू येत होतं आणि कीवही. त्या झुळूकबाईने तुला अगदी रडकुंडीला आणलंय.

तिला मुलं फॉर्म का देतात ते मला नाही सांगता येणार, मी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. बाबांनी एकीलाच पाठवलं आणि ती तू. पण माझ्या धंद्यातलं एक सांगते. गिऱ्हाईक ट्रायलला येतं, आरशासमोर उभं राहतं. मी शेजारी टेप घेऊन उभी असले की म्हणतं, छान बसलाय हो. आणि परत कधी येत नाही. म्हणून मी काय करते, "जरा दोरा घेऊन येते" म्हणत पाठ फिरवते. बाई आरशात बघून जे तोंड करते ते मी समोरच्या शोकेसच्या काचेत बघते. ते खरं. मग येऊन विचारते, काखेत ओढतोय का? ओढत असतोच.

तूसुद्धा फॉर्म भरताना वर्गात उभी राहत असशील, मला माहीत आहे ना तू कशी उभी राहतेस ते. बाहेर जा. आणि त्या बाई काय करतात ते जाऊन बघ की. नुसती जळत बसू नकोस.

बिस्किटं वाटून बघ हवं तर. आमच्या इथे कारागिरांना चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली की काजाची शिलाई सरळ येते.

तुला सांगायचं होतं की मला आता मुख्य कटरची जागा दिली आहे. मागच्या पत्रात लिहिलं होतं, तू वाचलं असशीलच.

बारकी


१ सप्टेंबर

बारके,

बघून आले. हेरगिरी म्हण हवं तर.

झुळुकेचा तास होता, मी शेजारच्या प्रयोगशाळेत कपाट शोधायचं निमित्त करून दाराच्या फटीतून ऐकत होते. तिने आधी काय केलं असेल? मागच्या फेरीचे फॉर्म काढून मोठ्याने वाचले! स्वतःबद्दलचे! "कुणीतरी लिहिलंय की मी फार भराभर बोलते. बरोबर आहे. आजपासून फळ्याच्या कोपऱ्यात कासव काढून ठेवणार, मी धावायला लागले की त्याच्याकडे बोट दाखवा." मुलं हसली. मग म्हणाली, "आणि कुणाला तरी वाटतं की शेवटचा प्रोजेक्ट बिनकामाचा आहे. मला तसं वाटत नाही, पण दोन आठवड्यांऐवजी एक आठवडा करते." मग सरावाचे कोरे फॉर्म पुढच्या बाकावर ठेवले, एका मुलीला सांगितलं, गोळा करून पाकीट बंद कर आणि ऑफिसात दे. आणि वीस मिनिटांसाठी बाहेर. जिन्यात बसून शेंगदाणे खात होती. मी वरून पाहिलं. एकदाही मागे वळून बघितलं नाही तिने. मला एवढा राग आला ना, की कपाटाच्या दारात बोट चेमटलं.

मग मीही तसंच केलं. सरावाचे फॉर्म छापून घेतले, खऱ्या फेरीला अजून वेळ आहे. बिस्किटं ठेवली. वर्गाबाहेर गेले. दाराला धुरकट काच आहे ना, त्या काचेला चिकटून उभी राहिले, गडबड झाली तर आत जाता यावं म्हणून. वीस मिनिटांनी आत गेले. बिस्किटं सगळी संपलेली. फॉर्म नऊ.

पण नऊ तर नऊ. घरी आणून नीट वाचले. काही खास नाही ग, "विषय चांगला आहे", "बाई वेळेवर येतात". एकाने मात्र लिहिलंय की पेन्सिलीला टोक काढायला शिकवण्यात अख्खे तीन तास जातात. तो कोण ते मला पहिल्या शब्दातच कळलं. त्याचा 'र' लंगडतो. मी त्याला काही रागावले नाही हं! उलट दुसऱ्या दिवशी त्याच्या ड्रॉइंग बोर्डपाशी थांबून प्रेमाने म्हटलं, "तुझा 'र' फॉर्मवर सुद्धा लंगडतोय बघ, मनगट टेकव." बाकीच्या आठांच्याही लेटरिंगमधल्या चुका लाल पेन्सिलीने दाखवल्या आणि ज्याचे त्याला परत दिले. नावं नव्हती तरी एकही चुकीच्या हातात गेला नाही. सगळ्यांच्या माना एकदम बोर्डवर वाकल्या. दिपून गेले असतील.

आता तूच सांग, यापेक्षा जास्त लक्ष कोणती शिक्षिका देईल? ती झुळूक देईल?

बोट सुजलेली,
ताई


९ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. खडूचा हात होता, कपाळ पांढरं झालं, कारागीर हसले.

अगं बाई माझे, तू नाव नसलेले फॉर्म ज्याचे त्याला परत दिलेस! लाल खुणा करून! आणि तुला वाटतं ती पोरं दिपली? ती घाबरली. तू पहिल्या दिवशी त्यांना सांगतेस की एका रेघेवरून तुम्हाला ओळखेन. मग कोण लिहील तुझ्याबद्दल खरं? ज्यांनी सात फॉर्म भरले ते एकतर वेडे किंवा तुझे लाडके. झुळूकबाईंना पोरांची नावं येत नाहीत हेच त्यांचं भाग्य. त्यांच्याकडे लपायला जागा आहे, तुझ्याकडे नाही.

तुला आठवत नसेल, मला आठवतं. तू सातवीत, मी चौथीत. मोठ्या बाईंनी शाळेत तक्रारपेटी लावली होती, नाव न लिहिता चिठ्ठी टाका म्हणून. मी टाकली. "रांगेची मॉनिटर लहान मुलींना ढकलते." मोठ्या बाईंना काय कळणार होतं कुणी लिहिलंय ते? त्यांनी ती तुला दाखवली, कारण मॉनिटर तू. आणि तू एका क्षणात म्हणालीस, "हे माझ्या बहिणीचं अक्षर आहे." किती अभिमानाने म्हणालीस! मला सगळ्या शाळेसमोर उभं केलं. घरी तू महिनाभर बोलली नाहीस. आईने आपल्या दोघींची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढली तेव्हा.

त्यानंतर मी तुझ्याखेरीज कुणाला चार ओळी लिहिल्या नाहीत. कापडावर खडूने आखते, ते झटकलं की जातं.

तुझ्या मुलांचं तसं करू नकोस.

बारकी


१३ सप्टेंबर

तुझं पत्र मिळालं.

मी कुणाला ढकलत नव्हते. रांग सरळ करत होते.

ताई


५ ऑक्टोबर

ताई,

तीन आठवडे झाले. तुझं पत्र नाही. रोज दुपारी दुकानाच्या दारातल्या पेटीत हात घालून बघते, शेजारचा चष्मेवाला विचारतो, कुणाची वाट बघताय एवढी.

मी लिहिलं ते मागे घेणार नाही. पण महिनाभर अबोला पुन्हा नको. तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आता गुडघे दुखतात.

शेवटची फेरी कधी आहे ते तरी कळव.

एक कबूल करते. त्या झुळूकबाईंचा मलाही राग येतो. तुझ्या कारणाने नाही. हल्लीच्या तुझ्या पत्रांत त्याच आहेत. त्या कशा बसतात, काय खातात, ओढणी कशी घेतात, सगळं मला पाठ झालंय. मी मुख्य कटर झाले हे दोनदा लिहिलं, त्यावर तुझा एक शब्द नाही. तू माणसावर जळतेस तेव्हासुद्धा त्याच्याकडे इतकं बघतेस! माझ्यावर कधी जळलीच नाहीस तू.

बारकी


२८ ऑक्टोबर

बारके,

बस, आणि चहा घेऊन बस. लांबलचक आहे.

तुझ्या सप्टेंबरच्या पत्रानंतर मी चार दिवस वर्गात फक्त कामापुरतं बोलले. राग तुझा होता, पण मी प्रत्येक मुलाच्या बोर्डपाशी गेले की तो खांदे आवळून घेतो हे मला पहिल्यांदा दिसलं. बावीस वर्षं मला वाटायचं की तो आदर आहे.

मग मी एकेक करून बघितलं. वर्गाला म्हटलं, डाव्या हाताने लिहा. मागचा एक जण म्हणाला, "बाई, तुम्ही डावाही ओळखाल." सगळे हसले, मीही हसले, पण त्याचं खरं होतं. नुसत्या खुणा करा म्हटलं, तर पुढची म्हणाली, "खुणेवरून पण ओळखता ना तुम्ही." ओळखते. काय करू, डोळे काढून ठेवू का?

शेवटची फेरी वीस तारखेला होती. सतरा तारखेला मी झुळुकेकडे गेले. मी! तिच्या खोलीत! तिथे टेबलावर शेंगदाण्याची टरफलं आणि चार कप. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. की मला फॉर्म येत नाहीत, का येत नाहीत, आणि माझ्या बहिणीने काय लिहिलंय ते. हो, तुझं नाव सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मला तुमचा किती हेवा वाटतो माहितीये? मला अजून सगळे निळे शर्टच दिसतात."

मी म्हटलं, माझी एक विनंती आहे. फॉर्म तुम्ही भरून घ्या. मूळ कागद पाकिटात ऑफिसात राहू देत, मला नकोतच. त्याआधी तुम्ही ते तुमच्या अक्षरात उतरवून द्या. तुमचं अक्षर इतकं वाईट आहे की त्यात कुणाचाच हात उरणार नाही. हे शेवटचं वाक्य मी म्हणायला नको होतं. ती म्हणाली, "सगळे? चाळीस?" मी म्हटलं, "आले तर." बारके, मला काय गिळावं लागलं ते तुला कळतंय ना? माझ्याबद्दल मुलं काय म्हणतात ते माझ्याआधी ती वाचणार. त्यापेक्षा स्टोअररूम बरी, असं दोनदा मनात आलं.

वीस तारखेला मी आधी वर्गाला सांगितलं. की हात ओळखायची माझी खोड आहे, मी ती मिरवली, आणि सरावाचे फॉर्म परत दिले ते चुकलं. पेन्सिलीच्या टोकाचे तीन तास पुढच्या वर्षी एक तास होतील, पुढचं वर्ष आलं तर. तुमचे कागद माझ्या हातात येणार नाहीत, झुळूकबाईंच्या अक्षरात येतील. हो, तोंडातून "झुळूकबाई"च निघालं. वर्ग फुटला हसून. मग मी निघाले, आणि दाराशी थांबले नाही. मैदानाच्या पलीकडे पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले, हॉलच्या खिडकीतून दिसेन अशी. वीस मिनिटं. ऊन होतं. खिडकीत एकेक डोकं येऊन बघून जात होतं, मी खरंच तिथे आहे ना ते.

छत्तीस आले. ऑफिसने पावती दिली आहे, छत्तीस. विषय राहिला. ड्रॉइंग हॉल राहिला.

पाच दिवसांनी झुळुकेने उतरवलेला गठ्ठा दिला. मी खिडकीपाशी बसून वाचला. सगळं त्या किडामुंगी अक्षरात. "बाई एकटक बघतात त्याची भीती वाटते." "माझ्या शीटवर बाईंनी एकदा काही न बोलता बरोबरची खूण केली, ती शीट मी घरी लावली आहे." "रेघ ओढताना बाई श्वास धरतात, मीही आता धरतो." "चुकलं तर खोडू द्या, पहिल्या फटक्यात सगळ्यांना जमत नाही." एका कागदावर फक्त "विषय बंद करू नका." कोण ते मला कळत नव्हतं. पहिल्यांदाच. कुणाबद्दल काही मनात धरता येत नव्हतं आणि कुणाचा लाडही करता येत नव्हता. 

मग सवयीने गठ्ठा मोजला. सदतीस.

पुन्हा मोजला. तीनदा मोजला. ऑफिसकडे छत्तीस, माझ्याकडे सदतीस, आणि सगळे एकाच हाताचे. त्यातला एक तिचा स्वतःचा आहे, बारके. कुठला ते मला ओळखता येत नाही. मी! चांगला की वाईट, तेही कळत नाही. विचारणार नाही. पण रोज कॅन्टीनमध्ये ती समोर बसते आणि माझ्या डोक्यात सदतीस कागद फिरतात. एवढंसुद्धा तिला माझ्यापेक्षा चांगलं जमावं ना!

म्हणून एक काम कर. तिची फेरी पुढच्या आठवड्यात आहे. तिचे फॉर्म ऑफिस मोजून तिला परत देतं, तेव्हा गठ्ठ्यात मी एक सरकवणार. पण माझ्या अक्षरात दिला तर आंधळासुद्धा ओळखेल. सोबत कागद जोडला आहे. तो तुझ्या अक्षरात उतरवून पाठव. तुझं अक्षर इथे कुणी ओळखत नाही.

त्यावर मी लिहिलंय: "तुम्ही वर्गाबाहेर जाता तेव्हाही वर्ग तुमचाच असतो. मला बावीस वर्षांत हे जमलं नाही. तुमच्याकडे बघून मी फार जळले आणि त्यातूनच शिकले. अक्षर सुधारा."

आणि मुख्य कटर झालीस हे मी वाचलं होतं. दोन्ही वेळा.

ताई


३ नोव्हेंबर

ताई,

कागद उतरवून पाठवते आहे. पाच वेळा उतरवला. चार कागद फाडून टाकले.

मध्ये एक फेरफार केला आहे. बावीस वर्षं वर्गात असलेला विद्यार्थी कुठल्या कॉलेजात असतो ग? नाव न लिहिता लिहायचं कसं हे तुला या जन्मात जमणार नाही. ते वाक्य मी गाळलं. बाकी जसंच्या तसं.

आता माझं ऐक. तो कागद वाचला आणि हातातली बाही मी तिरकी कापली. एवढ्या वर्षांत तू मला किती पत्रं लिहिलीस. हल्लीची झुळूकबाईंबद्दल, आधीची दुसऱ्या कुणाच्या कागाळ्या. "तुझ्याकडे बघून शिकले" असं एकदाही नाही. जिला दोन वर्षं ओळखतेस तिला चार ओळींत दिलंस. जळफळाट झाला माझा. चष्मेवाल्याने विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक आहे, बहिणीचं पत्र आलंय.

म्हणून तुझा मूळ कागद मी परत पाठवत नाहीये. गाळलेल्या वाक्यासकट तो माझ्याकडे राहील, कापणीच्या टेबलाच्या खणात, मापांच्या वहीखाली. मागू नकोस.

हवा असेल तर बदल्यात एक दे. आमच्या दुकानात फॉर्म नाही आणि फेरी नाही, पण मीही सतरा वर्षं कापड कापते आहे, आणि तुझ्या अंगावरचे निम्मे कपडे माझ्या हातचे आहेत. काखेत ओढतात का, खांदा बसतो का, बहीण म्हणून कशी आहे, काय बदलावं, सगळं लिही. खरं लिही. मी पाठ फिरवून उभी आहे.

खाली सही नको. तुझा हात मी ओळखते.

बारकी